आणखी पाव फेरा

माझे आजोबा गेले तेव्हा मास्तर भेटायला आले होते. ओट्यावर गावातली पुरुषमंडळी माना खाली घालून बसलेली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीनं किटलीभर चहा करून आणला होता. मास्तर आले, बसले. मग त्यांची नजर त्या किटलीवर गेली. वडील त्यांना आजोबांचं शेवटचं सांगत होते, पाणी कसं मागितलं, कुणाचं नाव घेतलं वगैरे, आणि मास्तर "व्हय, व्हय" म्हणत किटली मांडीवर घेऊन तिचा दांडा आवळत होते. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी त्यांचा एक छोटा स्क्रू ड्रायव्हर कायम असायचा. दांडा घट्ट झाला तशी त्यांनी किटली खाली ठेवली, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मानूस चांगला हुता. कुठंच ढिला न्हवता." आमचे वडील तोवर रडले नव्हते. त्या वाक्याला रडले.

तिसगावच्या हायस्कुलात पी.टी. शिकवून ते निवृत्त झालेले. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचं घर. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं, सगळे नुसतं मास्तर म्हणायचे, आणि माघारी काय म्हणायचे ते सांगण्यासारखं नाही. कारण ढिली वस्तू दिसली की या माणसाला अन्न गोड लागत नसे. पाथर्डीच्या एसटीत त्यांनी समोरच्या सीटचा स्क्रू आवळायला घेतला आणि कंडक्टरनं त्यांना सरकारी मालमत्तेला हात लावल्याबद्दल झापलं, तर हे शांतपणे म्हणाले, "मालमत्ता सरकारची, पन आदळआपट माझी चाललीय." लग्नात जेवायला बसले की आधी टेबलाला हलवून बघायचे. आमचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे. गुरुवारच्या बाजाराला मास्तर तिकडे वळताना दिसले की वडील म्हणायचे, "आले. आता सगळ्या कुकरचे दांडे तपासून झाल्याशिवाय गिऱ्हाईक आत येत न्हाई." आणि खरंच, एकेक कुकर काढून ते आवळत बसत. गिऱ्हाइकं मात्र त्यांच्या हातून गेलेलाच कुकर मागायची.

आवळण्याआधी बोटाच्या पेरानं तीनदा टकटक. दार, बाज, माठ, कलिंगड, मुलांची गुडघ्याची वाटी, काहीही. कान तिरका करून ऐकायचे. "बोलत न्हाई हे," म्हणायचे, किंवा "बोलतंय." आणि आवळून झालं, आपण म्हटलं झालं एकदाचं, की ते मान हलवणार: "आनखी पाव फेरा." चहा गार झाल्याशिवाय पीत नसत. गरम चहानं जीभ पोळली की माणूस दिवसभर घाईत बोलतो, असं त्यांचं शास्त्र होतं. शाळेत त्यांनी आम्हाला कवायत कमी आणि उभं राहायला जास्त शिकवलं. नुसतं उभं. उन्हात तासभर. कुणी हललं की मास्तर जवळ येऊन हळूच विचारायचे, "कुठनं ढिली झालीस?"

मी जात्याच काळजीखोर. पेपरच्या आदल्या दिवशी मला ताप यायचा. एसटी चुकेल म्हणून मी अर्धा तास आधी जाऊन उभी राहायची आणि मग पर्स घरी राहिली का म्हणून दहादा चाचपायची. अशा मुलीला नेमबाजीत कुणी घातलं, असं लोक विचारतात. मास्तरांनीच घातलं. मी उभी छान राहते, एवढंच कारण. पुढे नगरच्या कॉलेजात गेले, तिथं हवेवर चालणारी छऱ्याची एक रायफल होती, दहा मीटरवरचा कागद फोडायची. मला ते जमलं. नेम धरलेला तेवढा वेळ माझ्या डोक्यातली सगळी भुणभुण थांबायची, म्हणून मला ते आवडायचं. बाकी पदकबिदकाचं वेड मला नव्हतं.

पण पोलीस भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात, आणि राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल तर माझं काम होण्यासारखं होतं. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे एक वर्ष तुझं. नंतर गल्ल्यावर बसायचं आणि आम्ही बघू ते स्थळ नाही म्हणायचं नाही. वडील दुष्ट नव्हते. दोन वर्षं वाट बघून दमले होते. आणि नेमकी त्या हिवाळ्यात, राज्य स्पर्धेसाठीची निवड चाचणी तोंडावर आलेली असताना, कॉलेजच्या रायफलची स्प्रिंग तुटली. कॉलेज म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि उसनी कोण देणार. चाचणीच्या आधी आपली रायफल कुणी दुसऱ्याच्या हातात देत नाही.

मास्तरांकडे एक होती. गावात सगळ्यांना माहीत होतं. तरुणपणी त्यांनीही जिल्ह्यात नेमबाजी केलेली. पण त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून ती कुणी पाहिली नव्हती.

काकूंबद्दल सांगायला पाहिजे. मास्तर जेवढे आवळलेले, तेवढ्या त्या मोकळ्या. मोठ्यानं हसायच्या, पदर कधी जागेवर नाही, दाराची कडी उघडीच टाकून बाजाराला निघून जायच्या. खंडेनवमीला गावात सगळे आपापली अवजारं पुजतात. वडील तराजू पुजायचे, शेजारचे ट्रॅक्टर. मास्तर रायफल उघडायचे. लोखंड वेगळं, लाकडाचा दस्ता वेगळा, दोन्हींना तेलपाणी करून दोन पाटांवर मांडायचे. मग काकू ताट घेऊन यायच्या. मी लहानपणी प्रसादासाठी तिथं हजर असायचे, म्हणून मला आठवतं. मास्तर म्हणायचे, "दोन बोटं लाव भायेरून आन सोड. आत जातंय सगळं." काकू ऐकतील तर शपथ. दस्त्याला वेगळं हळदकुंकू, लोखंडाला वेगळं, वर मूठभर अक्षता. "दोघं येगळे हायेत, तर दोघांना येगळं नको का? का नवरा-बायकोला एकाच पानावर जेवायला वाढायचं?" मास्तर मग दोन दिवस ब्रश घेऊन कुंकू साफ करीत बसायचे आणि पुटपुटायचे. त्यांच्या घरात एवढी एकच गोष्ट ढिली होती आणि ती त्यांनी कधी आवळली नाही.

शेवटच्या खंडेनवमीनंतर पंधरवड्यात काकूंना ताप आला. दिवाळीचा फराळ अर्धा करून ठेवला होता. नगरला नेलं, त्या परत आल्या नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीला. मास्तर एकटे राहिले.

मी मागायला गेले तेव्हा ते दारात बसून शेजारच्या पोराच्या सायकलचा ब्रेक आवळत होते. मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज फाटला, याची मला आजही लाज वाटते. मास्तरांनी ब्रेकला आणखी पाव फेरा दिला. मग उठले आणि आतल्या खोलीत गेले. बाजरीच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि लुगड्यात गुंडाळलेला दस्ता ओढून काढला. बाजरी सगळीकडे सांडली. लोखंड दुसऱ्या कोठीत होतं. सर्द हवेत लाकूड कुजतं, बाजरी ओल पिऊन घेते, म्हणून त्यांनी तिथं ठेवलेलं. दस्त्याला त्यांनी तीनदा टकटक केलं. आवाज ठणठणीत कोरडा आला.

"लई प्याली," ते म्हणाले. "बाजरीनं लाकडाचं सोताचं पानीबी पिऊन टाकलं."

दस्ता आक्रसला होता. दोन दिवस त्यांनी त्याला जवसाचं तेल पाजलं आणि सावलीत टांगून ठेवला. मी ये-जा करत राहिले. मला हात लावू देत नसत. जोडायचं कामही त्यांनी माझ्याकडे पाठ करून केलं. पुढे दोन बाजूंना दोन स्क्रू, मागे घोड्याजवळ एक, एवढंच तर असतं. पुढचे दोन त्यांनी चटचट बसवले. मागचा बसवताना मात्र थांबले. मला वाटलं, डोळ्यांना दिसत नसेल. मी म्हटलं, "मी करू का?" ते म्हणाले, "तू तिकडं बघ."

सराव त्यांच्या कांदाचाळीत. नवा कांदा यायला अवकाश होता, चाळ रिकामी. लांबीला दहा मीटर बरोबर भरत होती. फटींतून उन्हाच्या पट्ट्या कागदावर पडायच्या म्हणून त्यांनी गोणपाटं टांगली. सगळीकडे जुन्या कांद्याचा वास. मी पहिले पाच छरे मारले आणि कागद आणायला गेले. पाच छिद्रं, पाच दिशांना. कुणीतरी मूठभर हरभरे फेकावे तशी.

"स्क्रू तपासू," मास्तर म्हणाले. ते बरोबरच होतं. लाकूड आक्रसल्यावर स्क्रू शेवटपर्यंत जातो, हाताला घट्ट लागतो, पण लाकडाला धरतच नाही. त्यांनी पुढे दोन पातळ वायसर घातले. आता धरलं. थोडं जवळ आलं, पण एक छरा इकडे, दुसरा तिकडे, हे काही थांबेना. पुढच्या स्क्रूच्या भोकापाशी केसाएवढी चीर होती. त्यांनी दोन ट्यूबा मिसळून लावायचा गोंद भरला आणि चिरेच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ ओढली. "हिच्या फुडं गेली तर थांबायचं," म्हणाले. झालं, माझ्या काळजीला आणखी एक घर मिळालं. प्रत्येक पाच छऱ्यांनंतर मी आधी ती रेघ बघायची, मग कागद.

स्क्रू झाले, तशी पाळी माझ्यावर आली. छरे बदलले. कोपर बदललं. बूट काढून उभी केली. "तुझा श्वास ढिला हाय." दुसऱ्या दिवशी, "तुझी मान ढिली हाय." सकाळचा चहा बंद केला. मी सगळं केलं. घरी जेवताना घास तोंडाशी धरून मी श्वास मोजत बसायची आणि आई म्हणायची, "गिळ की गं." झोप उडाली. मला वाटू लागलं, मला कधी येतच नव्हतं, कॉलेजात जे लागलं ते फुकाचं लागलं. गल्ल्यामागची खुर्ची मला दिसायला लागली. वडिलांनी तिच्यावर नवी गादी टाकली होती. चांगल्या मनानं टाकली होती, तेच जास्त लागत होतं.

एक दिवस घरी गेले तर आई म्हणाली, "गालाला काय लावलंस?" आरशात बघितलं तर उजव्या गालावर लाल पट्टा. दस्ता गालाला टेकवून नेम धरतात, घामानं त्याच्यावरचं कुंकू सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चाळीत गेले आणि मास्तर यायच्या आत ओलं फडकं घेऊन दस्ता पुसायला लागले. मागून असा आवाज आला की फडकं हातातून पडलं.

"हात लावू नगं!"

मास्तर मोठ्यानं बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते आले, दस्ता माझ्या हातातून घेतला, आणि सदऱ्याच्या टोकानं जिथं मी पुसलं होतं तिथं नुसतं टिपून घेतलं. ते कुंकू कुणाचं ते मला तेव्हा कळलं. म्हटलं, राहू दे गालाला लाल. लाकडाच्या वरचं कुंकू काही छरा वाकडा करत नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाच छरे मारले, त्यातला एक कागदाच्या बाहेर, गोणपाटात गेला. चीर पेन्सिलीच्या रेघेला टेकली होती. मी खाली मातीत बसले. रडले म्हणण्यापेक्षा, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

"मास्तर, मी नाव मागं घेते," मी म्हटलं. "माझ्यातच काहीतरी ढिलं आहे. रायफलचा काय दोष."

मास्तर उभे होते. मग तेही माझ्यासमोर खाली बसले, गुडघे धरत. त्यांनी पेरानं माझ्या डोक्यावर हलकेच टकटक केलं, तीनदा, लहानपणी करायचे तसं.

"तुझं काईबी ढिलं न्हाई," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं न्हाई. मला ठावं हुतं."

मला कळेना.

"मागं, घोड्यापाशी. लोखंड बसतंय तिथं. आत हिच्या अक्षता हायेत. शेवटल्या साली हिनं टाकल्या तशाच. पुसायला बसनार हुतो तवर हिला ताप आला. मग मी तसंच गुंडाळलं." त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि हातात फिरवत राहिले. "तुझ्यासाठी जोडली तवा त्यांच्यावरच लोखंड ठेवलं. मागचा स्क्रू पुरा पिळलाबी न्हाई. म्हनलं, चालंल. म्हनलं, एवढ्याशा दान्यानं काय हुतंय. लोखंड त्या दान्यावर डुलतंय, पोरी. हरेक छऱ्याला डुलतंय. आन मी तुझा श्वास काढत बसलो."

मला राग आला. खूप आला. इतक्या दिवसांची माझी झोप, आईचं "गिळ की", ती गादी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. या माणसानं गावातल्या प्रत्येक कुकरचा दांडा आवळला आणि माझ्या बाबतीत एक स्क्रू ढिला ठेवून मलाच ढिली म्हणत राहिला. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांच्याकडे बघितलं तर स्क्रू ड्रायव्हर हातात असून ते त्या मागच्या स्क्रूकडे बघायचंही टाळत होते. मी रायफल उचलून मांडीवर घेतली.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. तो त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता.

"तू काढ. मला न्हाई जमायचं. मी भायेर थांबतो."

ते गोणपाट बाजूला करून बाहेर गेले. फटींतून मला त्यांची पाठ दिसत होती. मी स्क्रू उघडले, लोखंड उचललं. लाकडाच्या खोबणीत कुंकवाची सुकलेली पपडी होती आणि तिच्यात तांदळाचे तीन दाणे. दोन कडेला. एक बरोबर मधे, दबून चपटा झालेला, पण मोडलेला नाही. काकू अक्षता कशा टाकायच्या ते मला एकदम दिसलं. वरून, हात उंच करून, निम्म्या पाटाबाहेर.

मी दाणे उचलले. ठेवायचे कुठं ते कळेना. जमिनीवर टाकणं शक्यच नव्हतं. शेवटी छिद्रं नसलेला एक कोरा कागद घेतला, त्याची पुडी बांधली. ब्रशनं खोबण साफ केली, ते कुंकूही पुडीत घातलं. लोखंड बसवलं. या वेळी ते बसलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. स्क्रू हलक्या हातानं आवळले, चिरेला सांभाळून.

"आनखी पाव फेरा," बाहेरून आवाज आला. त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी पाव फेरा दिला.

पाच छरे मारले. कागद आणायला गेले. पाचही छिद्रं एकमेकांत मिसळून एकच ओबडधोबड भोक झालं होतं. मी कागद घेऊन बाहेर गेले. मास्तरांनी तो बघितला नाही. त्यांनी हात पुढे केला, मी पुडी त्यांच्या हातावर ठेवली, आणि ती त्यांनी खिशात घातली, जिथं स्क्रू ड्रायव्हर असायचा तिथं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं नगरला गेलो. बोर्डावर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर नगर-नगर असंच ओरडतो. मास्तर सगळा वेळ रायफलची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. समोरची सीट खडखडत होती आणि त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. वाटलं, या माणसाच्या आतलं काहीतरी मी काल स्क्रू ड्रायव्हरनं काढून घेतलंय.

चाचणीत माझे पहिले छरे वाईट गेले. रायफल नीट होती, मी नव्हते. चीर दिसत होती, रेघ दिसत होती, गादी दिसत होती. मी रायफल खाली ठेवली आणि डोळे मिटले. तेवढ्यात मागून, बघणाऱ्यांच्या बाकांवरून, लाकडावर टकटक ऐकू आली. तीनदा. पंचांनी रागानं मागे बघितलं. मी मात्र उभी राहिले. नुसती उभी, शाळेतल्यासारखी. मग मारलं.

निवड झाली. यादीत माझं नाव अगदी शेवटी होतं, पण होतं. मी पळत बाहेर आले तर मास्तर चहाच्या टपरीवर बसून चहा गार होण्याची वाट बघत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "व्हय? बरं झालं." आणि टपरीवाल्याच्या बाकाचा खिळा अंगठ्यानं दाबून बघायला लागले. माझा जीव भांड्यात पडला, निवडीनं पडला नव्हता तेवढा.

निवड झालेली म्हणून राज्य स्पर्धेला एका क्लबनं मला रायफल उसनी दिली. मास्तरांची मी साफ करून, तेल लावून, परत नेऊन दिली होती. भरती झाले. गल्ल्यावर आता माझा धाकटा भाऊ बसतो, त्याला ती गादी आवडते. आमच्या पोलीस ठाण्यात खंडेनवमीला शस्त्रपूजन होतं. मी ताट घेते तेव्हा अक्षता जपून टाकते, एकेक, बाहेरच्या अंगाला. सहकारी हसतात. मी कारण सांगत नाही.

गेल्या वर्षी मास्तर गेले. रजा मिळवून मी पोचले तोवर दहावा होऊन गेला होता. त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला, घर आवरत होता. मला म्हणाला, "ताई, पप्पा सांगून गेलेत, रायफल तुम्हाला द्यायची. पण बघा जरा, ती खिळखिळी झालीय. पप्पांनी अशी कशी ठेवली कळत नाही. सगळं घर आवळून ठेवलंय आणि हीच ढिली."

या वेळी ती बाजरीत नव्हती. त्याच लुगड्यात, पण पूर्ण जोडलेली, त्यांच्या बाजेखाली होती. मी मांडीवर घेतली. चीर रेघेपाशीच थांबलेली. टकटक केलं. मागून बारीक खुळखुळ आली. मुलाकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, तोच, त्यांचा. पुढचे दोन स्क्रू घट्ट होते. मागचा पाव फेरा सैल होता. बरोबर पाव फेरा, मोजून ठेवल्यासारखा. उघडायच्या आधीच मला कळलं होतं, तरी उघडला.

खोबणीत कुंकू होतं. त्याच्यात तीन दाणे, दोन कडेला, चपटा मधे. जिथून मी उचलले होते तिथंच त्यांनी ते परत नेऊन ठेवले होते. आणि दाणा पुन्हा दबू नये म्हणून जन्मभर सगळ्यांचं सगळं आवळत आलेल्या त्या माणसानं आपला एक स्क्रू ढिला सोडला होता.

मी लोखंड अलगद परत ठेवलं. मागचा स्क्रू फिरवत आणला आणि पाव फेरा राहिला तिथं थांबले. हात पुढे जायला बघत होता. मी त्याला जाऊ दिलं नाही.

"झाली का नीट?" मुलानं विचारलं.

"झाली," मी म्हटलं, आणि लुगडं गुंडाळलं.